बाबाच्या ताटाचा तुकडा

आधीच सांगते, मी भूत-बित मानत नाही. मानत नव्हते, आजही मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. "ताई, गाडीवरून नारळ उतरवा" असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत, त्यांनी ते खिशात घालावेत. मी फक्त काय घडलं ते सांगते. कुणाला त्याचा अर्थ लावता आला तर सांगा... मला अजून लावता आलेला नाही.

मी राहते खांदेश्वरला, पण माझं गॅरेज माहेरच्या गावात आहे, उरणच्या बाजूला. समोरच्या सर्व्हिस रोडवरून न्हावा शेव्याचे ट्रेलर दिवसभर धूर सोडत जातात. बाईमाणूस इंजिन उघडते म्हणून लोक सुरुवातीला बघायला यायचे, आता गाड्या घेऊन येतात. गॅरेज उभं केलं बाबाने. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, तेव्हा मीही तसंच लिहिते. बाबा बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या डिझेल फोर-बाय-फोर जीपच्या बोनेटमध्ये डोकं घालून बसायचा.

या जीपमध्ये ईजीआर नावाची एक व्यवस्था असते. इंजिनातून बाहेर पडणारा थोडा धूर ती परत इंजिनात पाठवते, म्हणजे काही विषारी वायू कमी होतात. बाबाला हे अजिबात पटायचं नाही. "उष्टा धूर गारीला परत खायला घालाचा? गेला तो गेला. गेलेला परत घेवाचा नाय." आमची शेतं बंदराच्या कामात गेली तेव्हाही तो हेच म्हणाला होता आणि रोज बंदरावर जाऊनही त्याने त्या जागेकडे पुन्हा मान वळवून पाहिलं नव्हतं.

तर त्याने तो रस्ता बंद केला. पाइपच्या जोडात एक स्टीलची पट्टी बसवायची, की धूर परत जात नाही, सगळा टर्बोतून, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यातून, बाहेर पडतो. बाजारात अशी पट्टी मिळते. पण बाबाने काय करावं? लग्नात आहेरात आलेलं, स्वतःचं नाव घातलेलं जेवणाचं ताट कापलं! तेही असं की 'हिराजी' हे नाव पट्टीवर अख्खं यावं. "गारीला कलू दे, मालक कोन हाय." आईने त्याला त्या दिवशी केळीच्या पानावर वाढलं. वर त्याने टर्बोचा रॉडही आवळून दाब वाढवला. मग जीप अशी पळायची, आणि टर्बोची शिट्टी अशी वाजायची, की बाबा वळणावर असतानाच आई चहाचं आधण ठेवायची.

मागच्या वर्षी बाबा झोपेत गेला. जीपला पंधरा वर्षं होत आली होती, आता पासिंग करून घेणं भाग होतं. नाही झालं तर सरळ भंगार. आईचा जीव त्या जीपमध्ये. मी ठरवलं, सगळं कंपनीने दिलं होतं तसं करायचं. नुसतं पासिंगसाठी नाही हं. ट्रेलरचा धूर खात मी मोठी झालेय, त्यात माझ्या गाडीची भर नको.

"ऱ्हाऊ दे ना तसाच. तुज्या बापसाच्या हातचा हाय," आई म्हणाली.

"तसंच ठेवलं तर गाडीच राहणार नाही, आई."

मी पट्टी काढली, जोडातून धूर गळू नये म्हणून लागणारी पातळ चकती, म्हणजे नवी गॅस्केट घातली, बोल्ट आवळले आणि त्यांच्यावरून नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. ही माझी नेहमीची पद्धत. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि मला कळतं. टर्बोचा रॉडही मूळ मापाला आणून त्यावर रेघ मारली. शिट्टी गेली. पट्टी आईने राखेने घासली आणि मांडणीत ताटांच्या रांगेत उभी केली. ती इतकी चकचकीत दिसत होती की मी फोटो काढला. तो फोनमध्ये अजून आहे.

दोन-तीन दिवसांनी आईला सुकी मासळी आणायला मोरा बंदरावर नेलं. निघताना पट्टी मांडणीत होती, आम्ही दोघींनी पाहिली. घराला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. परत येताना भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, मी जरा पाय दाबला... आणि शिट्टी वाजली. तीच. जीपने पाठीत रट्टा दिल्यासारखी उडी घेतली.

आईने बोंबलांची पिशवी छातीशी धरली. "तुजा बापूस आयला."

मला भीती नाही वाटली, खरं सांगते. संताप आला. माझं काम चुकलं म्हणजे काय! गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं. रॉड जिथे ठेवला होता तिथेच. बोल्टांवरच्या लाल रेघा अखंड. गॅरेजला आल्यावर आईला समोर उभं करून बोल्ट काढले. जोड सोडवला.

आत पट्टी होती. वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखी काजळलेली. मी बोट फिरवलं, काळ्यातून 'हिराजी' वर आलं. माझी नवी गॅस्केट कुठेच नव्हती, ती आजतागायत सापडलेली नाही.

आई घराकडे धावली. मांडणीतली जागा रिकामी होती.

"आपुनच बोलाचा, गेलेला परत घेवाचा नाय," आई दारात बसून रडायला लागली, "आनि आता आपुनच आयला."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी मानत नाही असल्या गोष्टी, तरी भांडले. जीपच्या तोंडासमोर उभी राहून, शेजारीपाजारी ऐकतायत याची पर्वा न करता भांडले. "बाबा, ही गाडी आता माझी आहे! पास झाली नाही तर भंगारात जाईल, मग आई कुठे बसणार? तुझी शिट्टी तुझ्याजवळ ठेव!" पट्टी काढली, दुसरी गॅस्केट घातली, बोल्ट आवळले, रेघ ओढली.

जीप पास झाली. पुढची पाच वर्षं तिला कुणी हात लावत नाही. आई पुढच्या सीटवर बसून मिरवते. पट्टी मांडणीतच आहे, इतर ताटांबरोबर रोज घासली जाते.

ओळखीच्या मेकॅनिकांना विचारलं. एक म्हणाला, तू पट्टी काढलीच नसशील. मग फोटोत काय आहे? दुसरा म्हणाला, कुणीतरी मस्करी केली. मस्करी करणाऱ्याने नेलपॉलिशची रेघ न तोडता बोल्ट कसे फिरवले, ते मला शिकवा, धंद्याला उपयोगी पडेल. उत्तर नाही, एवढंच खरं. पण म्हणून काही मी गाडी विकणार नाही, लिंबू टांगणार नाही, कुणा बाबा-बुवाला दाखवणार नाही. आमचा होता तो बाबा पुरे.

फक्त एक आहे. त्यानंतर शिट्टी कधी वाजली नाही. दर सर्व्हिसला मी ते बोल्ट उघडते, काही गरज नसताना. आत गॅस्केटच असते, आणि दर वेळी मला रडू येतं. मी भांडले ते बरोबरच होतं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन. पण बाबा, जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीस... हेच तेवढं एका फटक्यात कसं ऐकलंस?