आईचा नंबर

नेवाशाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. ‘नंबर’ हा शब्द फळ्यावर लिहिला की पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, हा तर मराठीच आहे. खोटं नाही. जामखेडकडच्या माझ्या गावात तो कुणाला परका वाटत नाही. वर्गात पहिला आला, त्याचा पहिला नंबर. डोळे अधू झाले की चष्म्याचा नंबर वाढला. माझा डी.एड.ला नंबर लागला तेव्हा आईने गल्लीभर साखर वाटली. भजी झकास झाली तर ती एक नंबर, आणि वाळू उपसून ज्याने दुमजली बंगला उठवला त्याचं सगळं दोन नंबरचं. पारावरचे म्हातारे कुणाच्या दहाव्याहून परतले की तंबाखू मळत म्हणायचे, “आता आपला नंबर,” आणि हसायचे. त्या हसण्याचा मला लहानपणापासून राग यायचा.

पण आमच्याकडे खरा नंबर पाण्याचा. उन्हाळ्यात टँकर यायच्या आधीच रांग लागायची, तीही माणसांची नव्हे, हंड्यांची. हंडा ठेवला की नंबर लागला. मग बाईने खुशाल जळणाला जावं. रांग सरकली की मागचा पुढच्याचाही हंडा उचलून पुढे ठेवायचा. बांधावरून, कोंबड्यांवरून गावात डोकी फुटली, पण दुसऱ्याचा हंडा कुणी मागे सारलेला मी पाहिला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, याबाबतीत फार कडवे. एकदा एका पुढाऱ्याचा ड्रम मध्येच लागला, तर अण्णांनी तो पायाने बाहेर लोटला. पुढाऱ्याने वर्षभर तोंड फिरवलं. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या चैत्रात आईच्या छातीत दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून सोडा पाजून झाला. घाम थांबेना, डावा हात जड पडला, तेव्हा गावातल्या डॉक्टरने ताबडतोब नगरला न्या म्हणून सांगितलं. मी सुट्टीला गावीच होते. शेजारच्यांच्या पिकअपमध्ये गादी टाकून आम्ही तिला नेलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ती दात दाबून धरायची आणि वर मलाच विचारायची, तुला लागलं का म्हणून.

दवाखान्यात ही गर्दी. नावं घ्यायच्या खिडकीपासून फाटकापर्यंत चपला लागल्या होत्या आणि त्यांचे धनी लिंबाच्या सावलीला पडलेले. अण्णांनी आईच्या पायातली चप्पल काढली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “अण्णा, चला सरळ आत. डॉक्टरांना सांगू.”

“ही लोकं काय जत्रंला आल्यात का?” अण्णा म्हणाले. “सगळ्यांचंच दुखतंय.”

मी आवाज चढवला, तशी आईने माझा पदर ओढला. “भांडू नगं गं. नंबर लागलाय न्हवं? यील आपला.”

निदान खिडकीवर तरी सांगून या, असं मी हट्टाने म्हणाले. अण्णा गेले, खिडकीशी वाकून काहीतरी बोलले आणि परत आले. “सांगितलं. बसा म्हनली ती पोरगी,” एवढंच बोलून ते आईचे पाय चेपायला लागले.

आम्ही बसलो. आमच्या मागे श्रीगोंद्याकडचा एक माणूस होता. त्याची बायको गोधडीवर कण्हत पडली होती. रांग हलली की तो आपल्या बायकोच्या चपलेआधी माझ्या आईची चप्पल पुढे सरकवायचा. जगात अजून माणुसकी आहे, असं मला त्या वेळी वाटलं. आज ते आठवलं की त्या रांगेचा, त्या चांगुलपणाचा संताप येतो.

आईने पाणी मागितलं. दोन घोट घेतले, डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि एकदम जड झाली. मी किंचाळले. मग सगळे धावले. लोकांनीच तिला उचललं, चपला तुडवत आत नेलं. डॉक्टर पळत आले. बराच वेळ ते तिच्या छातीवर दाब देत राहिले. शेवटी थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “छातीत दुखणारं माणूस बाहेर बसवतात का हो? आल्या आल्या आत आणलं असतं, तर वाचल्या असत्या बहुतेक.” खिडकीवरच्या त्या मुलीचा गळा धरावा असं मला वाटलं.

आईला पिकअपमध्ये ठेवलं तेव्हा तो श्रीगोंद्याचा माणूस जवळ आला. हात जोडून, फार अवघडून त्याने अण्णांना विचारलं, “तुमच्या जागी आमी सरकू का?”

“सरका की,” अण्णा म्हणाले.

वाटेतलं कडा गाव मागे पडलं. आईच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मी. मग माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले. “त्या खिडकीतल्या पोरीनं इचारलं हुतं, इमर्जन्सी हाय का म्हनून. व्हय म्हनलो असतो तर पुढं घुसल्यावानी झालं असतं. लई लोकं हुती गं. मी म्हनलो, न्हाई बाई, नंबरनं येतो आमी.”

ओरडावंसं वाटलं, त्यांना गदगदा हलवावंसं वाटलं. आईवरची चादर वाऱ्याने उडत होती आणि अण्णा ती दोन्ही हातांनी दाबून धरत होते.

“डाक्टर तुला बाजूला घिऊन काय म्हनला?” त्यांनी विचारलं. “आदी नेलं असतं तर वाचली असती का?”

“नाही अण्णा,” मी म्हणाले. “काही उपयोग झाला नसता.”

त्यांनी कितीतरी वेळ मान हलवली. “मग बरं झालं,” ते म्हणाले. “कुनाचा नंबर तरी न्हाई मोडला.”