थर्मामीटर कोणाचा?

चाळीच्या सेक्रेटरीला पगार मिळत नाही, किस्से मिळतात. माझ्याकडे बारा वर्षांचे साठलेत. आज त्यातले उकाड्याचे तेवढे सांगतो. कारण यंदा आमच्या काळाचौकीच्या चाळीत उकाड्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी निवडणुकीतही झाली नव्हती!

मूळ कारण चौथ्या मजल्यावरच्या इंदूमामी. डोक्यावर तापलेली गच्ची, खाली त्यांची एवढीशी खोली. एप्रिलमध्ये भरदुपारी चक्कर येऊन पडल्या. मुलगा प्रकाश बदलापूरला असतो. तो म्हणाला, "खोली अशीच तापणार असेल तर मे महिन्यात आईला घेऊन जातो." मामी म्हणाल्या, "बदलापूर काय महाबळेश्वर लागून गेलंय? लग्न होऊन इथे आले, इथेच राहणार!"

मला मात्र धस्स झालं. आम्हाला हक्काने ओरडणारं चाळीत आता तेवढंच माणूस उरलंय.

*

एका संस्थेतली सायली नावाची मुलगी हवामानबदल समजावून सांगायला आली. आमचे भजनीबुवा परब तिला म्हणाले, "ह्या सगळा कलियुगामुळे. गावच्या देवाक इसारलास, मगे तापतलाच!"

मुलगी हुशार. वाद न घालता म्हणाली, "काका, असं समजा, पृथ्वीवर धुराची गोधडी पडलीय आणि दरवर्षी ती जाड होतेय."

बुवा विचारात पडले. मग म्हणाले, "मगे ती काढूक देव कित्याक येयत? घातली आपण!"

*

दिलीप आणि संजू सावंत सख्खे भाऊ, पण पक्ष वेगळे. दिलीपचा पक्ष विरोधात होता तेव्हा तो रोज चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायचा, 'झाडं तोडलीत ना? आता भोगा!' पक्ष सत्तेत आला आणि दिलीप म्हणायला लागला, "उन्हाळ्यात उकडणार नाही तर काय थंडी वाजणार?" त्याच आठवड्यात संजूला झाडांचा उमाळा आला.

मी दिलीपचाच जुना मेसेज नाव काढून ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत त्याचं उत्तर, "सेक्रेटरी, असला विरोधकांचा प्रचार इथे चालणार नाही!"

*

दुसऱ्या मजल्यावरचे कांबळे सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. बाबासाहेबांना मानणारे, मोजल्याशिवाय बोलायचं नाही असा बाणा. त्यांनी मामींच्या खोलीत थर्मामीटर लावला. दुपारी आकडा एक्केचाळीस!

दिलीपने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "सर, हा थर्मामीटर कोणाचा?" म्हणजे कुठल्या पक्षाचा!

"पाऱ्याचा," सर म्हणाले.

*

सायलीने उपाय सुचवला, गच्ची रंगवा, खालची खोली जरा निवेल. गच्ची सगळ्यांची, म्हणून सह्या सगळ्यांच्या हव्यात. मी मीटिंग बोलावली, सगळे खूश. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "रंग कोणता?"

संपलं! दिलीप म्हणाला भगवा. सरांचा पुतण्या मिलिंद म्हणाला निळा. मी आपला भाबडेपणाने म्हणालो, पर्यावरणाचा म्हणून हिरवा. संजू माझ्या कानाशी लागला, "सेक्रेटरी, हिरवा नको, गैरसमज होईल!"

"पांढराच लागतो," सायली म्हणाली, "पांढऱ्यावर पडलं की ऊन परत फिरतं."

परबवहिनी दचकल्या. "शुभकार्याला पांढरा?"

कांबळेबाई हसायला लागल्या. "वहिनी, आमच्यात नवरी पांढरीच साडी नेसते. मीही नेसले होते. चाळीस वर्षं झाली, सरांची अजून तक्रार नाही!"

वहिनींनी हसत हसत पहिली सही केली. संजूचं मात्र वेगळंच. "पांढरं निशाण म्हणजे शरण जाणं!"

मागून मामी कडाडल्या, "कोणाला रे? सूर्यालाच ना? मग जा की!"

सगळ्या सह्या झाल्या.

*

रविवारी सकाळी आख्खी चाळ गच्चीवर. बुवांनी नारळ ठेवून मालवणी पद्धतीने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आज जो ह्यो रंग लावतत, तो इंदूमामीक थंडावो देवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आनि जो कोण आपल्या पक्षाचो रंग घेवन आडवो येयत, तेचो पंखो बंद पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात दिलीप आणि संजूचाही आवाज होता!

कांबळे सर तेवढे ब्रश घेऊन बाजूला उभे. मी विचारलं, तर म्हणाले, "माझा गाऱ्हाण्यावर विश्वास नाही. तुमचं होऊ द्या, मी तोवर एक हात मारून घेतो."

आणि खरंच, नारळ फुटेपर्यंत सरांनी एक कोपरा पांढरा करून टाकला होता.

*

पुढच्या रविवारी भरदुपारी प्रकाश टेम्पो घेऊनच आला. आम्ही सगळे त्याच्या मागोमाग चौथ्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. मामी हनुवटीपर्यंत चादर ओढून पडलेल्या.

त्यांनी एक डोळा उघडला. "आलास? पंखा जरा कमी कर रे, गार लागतंय."

प्रकाशने कपाळावरचा घाम पुसला. आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. शेवटी तो कांबळे सरांकडे वळला. शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दशांश चिन्ह चुकलं तरी सर मार्क कापायचे, हे त्याला पक्कं ठाऊक.

"सर, तुम्ही खोटं बोलणार नाही. खरंच गार आहे?"

सरांनी चष्मा लावला. थर्मामीटरपाशी गेले. छत्तीस. एप्रिलपेक्षा पाच कमी. मग त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींचा तो एक डोळा अजून उघडाच होता.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि चौथा मजला दणाणेल अशा आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"