आमचा माणूस

मनोहर मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अड्याळच्या बाजारात धानाच्या भावावरून भांडत होतो. समोरच्याने सांगितला तो भाव कबूल करून उठलो... आयुष्यात पहिल्यांदाच. महिना होत आला, चित्त थाऱ्यावर नाही. आमचे एक भांडण अर्धवट राहिले आहे.

मास्तर गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराचे नातू. माझा आजा त्याच मालगुजाराकडे बेगारीत राबला. गावतलावाची पार, म्हणजे पाणी अडवणारा बांध, त्याच्यासारख्यांनी मजुरीवाचून रचली. मी पोती वाहता वाहता स्वतःची राइस मिल उभी केली, मास्तर शाळेत इतिहास शिकवत. संध्याकाळी दोघे त्याच पारीवरच्या एका सपाट दगडावर बसायचो. कोणी पाहुणा आला की मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत, "हा आमचा माणूस." प्रेमानेच म्हणत. मला ते टोचायचे.

एकदा त्यांनीच स्पेनच्या राजाची गोष्ट सांगितली. समुद्रापार जिंकलेल्या मुलखात राजा आपल्या शिलेदारांना कागदावर जमीन देत नसे, माणसे देई. त्यांना सांभाळा, धर्म शिकवा आणि त्यांच्याकडून काम अन् खंडणी घ्या. एन्कोमिएन्दा... त्या नावाचा अर्थच म्हणे 'सोपवणे'.

"म्हणजे माहा आजा तुमच्या आज्याले सोपवलाच होता ना?" मी विचारले.

मास्तर हसले. आपल्याकडचे वेगळे होते, म्हणाले. आमच्या आज्याने तलाव बांधला म्हणून तर धान पिकते, असेही ते म्हणाले.

"तुमच्या आज्यानं? आन् मले आमचा माणूस कायले म्हणता? तुमच्या सातबाऱ्यावर आहो का मी?"

तलाव तुमच्या लोकांनी बांधला, एवढे एकच वाक्य मला त्यांच्या तोंडून हवे होते. ते मिळेना म्हणून चार महिने पारीवर गेलो नाही. दगड रिकामा आहे, असा निरोप त्यांनी वहिनींकडून धाडला. तरी गेलो नाही.

मग ते भंडाऱ्याला दवाखान्यात असल्याचे कळले. नर्स दारातच अडवून म्हणाली, फक्त घरचे. तुम्ही कोण त्यांचे?

"मी त्यांचा माणूस," माझ्याच तोंडून निघाले.

दारालगतच्या खाटेवर मास्तरांनी डोळे उघडले. आता हसतील, जिंकतील, असे वाटले. त्यांनी मान हलवली. "उलटं सांगून राहिला तो, बाई. मी त्याचा..."

ते वाक्य म्हणजे कबुली होती की नेहमीची थट्टा, विचारायचे राहिले. आठ दिवसांनी तो फोन आला.

आता रोज पारीवर जातो. दगडाच्या माझ्याच अर्ध्यावर बसतो. काल एका परक्या वाटसरूने विचारले, तलाव कोणाचा? "आमचा," मी तडक म्हणालो. तो निघून गेला... त्या 'आमचा'मध्ये मी मास्तरांना धरले होते की नाही, ते अजून ठरत नाही.