ओधवजीभाईंचा वस्तरा आणि रवजीभाईंचं पोट

ओधवजीभाई माणसं तोंडावरून नाही, पोटावरून ओळखत. अमरेलीकडच्या त्या छोट्या गावातल्या बाजारात कुणी राम राम केला की त्यांची नजर आधी शर्टाच्या बटणांवर जायची. मग चेहरा उजळायचा. "हां, अपेंडिक्स! बेंबीजवळ तीळ. बरे आहात ना?" त्या माणसाची बायको लाजून भाजीच्या गाडीमागे सरकायची.

सव्वीस वर्षं ते ट्रस्टच्या इस्पितळात न्हावी होते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटचं पोट वस्तऱ्याने तुळतुळीत करायचं, वर तुरटी फिरवायची आणि दक्षाबेन सिस्टरला हाक मारायची, "या बेन, तोंड बघून घ्या यात!"

मग एका महिन्यात हर्नियाच्या तीन जखमा पिकल्या. सर्जन डॉक्टर वसावडांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या जीवीबेनपर्यंत सगळ्यांना एका खोलीत बसवलं. कोण हात किती वेळ धुतो, इंजेक्शन कधी देतात, दार कितीदा उघडतं, सगळं निघालं. शेवटी वस्तरा निघाला.

"वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात," वसावडा म्हणाले. "दिसत नाहीत, पण जंतू त्यात रात्रभर मुक्काम ठोकतात."

"माझ्या वस्तऱ्याने? अहो, मी कलेक्टरची दाढी केलीय!"

"कलेक्टरचं पोट उघडायचं नव्हतं, भाई," दक्षाबेन म्हणाल्या.

तेव्हापासून वस्तरा बंद. गरज असेल तरच, तेही ऑपरेशनच्या सकाळी, विजेच्या मशीनने केस कापायचे. ओधवजीभाई मशीनला भुंगा म्हणत आणि हातभर लांब धरत. काम दोन मिनिटांचं. एवढ्यासाठी पगारी माणूस हवा कशाला, असं ट्रस्टी विचारू लागले. महिनाअखेरीला ठरणार होतं. वस्तरा बंद झाला त्याच बैठकीत आणखी एक नियम झाला होता, काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही "थांबा" म्हणावं. वसावडांना तसं म्हणायची छाती अजून कुणाची झाली नव्हती.

गुरुवारी तेलघाणीचे रवजीभाई हर्नियासाठी आले. ओधवजीभाईंनी भुंगा सुरू केला, सदरा वर केला आणि बघतच राहिले. पोट आरशासारखं चमकत होतं.

"गावातूनच करून आलो," रवजीभाई खुशीत म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

ओधवजीभाईंनी बोट फिरवलं. चार ताजे ओरखडे. डावीकडे वळताना वस्तरा दाबणारा हात पंचक्रोशीत एकच होता, त्यांच्या मेव्हण्याचा, कानजीचा.

ते बाहेर बाकावर बसले. गप्प राहावं तर या माणसाची जखम पिकेल. बोलावं तर सव्वीस वर्षांचा आपला वस्तराच चूक ठरेल, मग उरलेलं दोन मिनिटांचं कामही जाईल. शिवाय कानजीचं नाव निघालं की घरी चहा बंद. तोवर रवजीभाईंचं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरात गेलं.

ओधवजीभाई उठले आणि थिएटरच्या दारातून ओरडले, "थांबा!"

वसावडा धुतलेले हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखे उभे. "काय झालं?"

"पोट... पोट दाढी करून आलंय, साहेब!"

भूल देणारे डॉक्टर खुदकन हसले. दक्षाबेन हसल्या नाहीत. त्यांनी वाकून पाहिलं. "चिरा आहेत, साहेब. मी फक्त आंघोळ केली का तेवढं विचारलं होतं."

ऑपरेशन पुढे ढकललं. रवजीभाई तडकले, "पहाटेपासून उपाशी आहे मी!"

"मग आता गाठिया खा," जीवीबेन म्हणाल्या. "मिरच्या मी आणते."

वसावडांनी ओधवजीभाईंना बाजूला घेतलं. "असे किती जण घरून करून येत असतील हो?"

"आजूबाजूला चौतीस न्हावी आहेत. सगळ्यांना ओळखतो मी."

"तुमचं ऐकतील?"

"कानजी सोडून सगळे. त्याला बायकोकडून सांगतो."

महिनाअखेरीला वसावडांनीच ट्रस्टींना सांगितलं, चौतीस दुकानांत जाऊन आपला वस्तरा चूक होता असं सांगू शकेल असा माणूस आपल्याकडे एकच आहे. ओधवजीभाई राहिले. दर मंगळवारी एसटीने गावोगाव जाऊन दटावू लागले, "दाढी करा, डोकं करा, पण ऑपरेशनच्या पोटाला हात लावाल तर खबरदार!"

रवजीभाईंचं ऑपरेशन पंधरा दिवसांनी झालं. आठव्या दिवशी पट्टी निघाली. जखम कोरडी ठणठणीत. सगळे टाक्यांकडे बघत होते. ओधवजीभाईंनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

"टाके ठीक आहेत, साहेब," ते म्हणाले. "पण कडेचे केस बघा, कसे एका रेषेत कापलेत!"