बिबिनूरचा बिनहाडकांचा रस्सा

बिबिनूरने सव्वीस वर्षं सूतगिरणीतल्या कामगारांना जेवू घातलं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा तिने एका लग्नाच्या हॉलमध्ये चार वर्षं बेशबर्माकसाठी, म्हणजे हाताने खायच्या मांसाखाली पसरतात त्या पापुद्र्यांसाठी, पीठ लाटलं. मग हॉलही विकला गेला. सत्तावन्नाव्या वर्षी हात धडधाकट, नवरा वारलेला, मुलगी दूर अकताऊला नांदणारी, आणि सकाळी उठून जायला जागा नाही, अशी तिची गत झाली. शेजारच्या घरी बारशाला तिने पीठ लाटून दिलं होतं. ते खाऊन दुसऱ्या दिवशी एक तिशीच्या आतली मुलगी पत्ता काढत तिच्या दारात आली. तिचं नाव जानेल.

"आपा, माझ्या रेस्टॉरंटमध्ये याल का स्वयंपाकाला?"

"काय काय करतेस तिथे?"

"सगळं. फक्त मांस नाही."

"मग सगळं म्हणजे काय करतेस?" बिबिनूरने विचारलं.

जानेलला हसू आलं, पण बिबिनूर थट्टा करत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. आल्माटीत मांस न खाणारी माणसं असतात हे तिने ऐकलं होतं, पण ती आजारी तरी असतात किंवा श्रीमंत तरी, अशी तिची समजूत होती. तरी ती दुसऱ्या दिवशी गेली. "अर्शा" नावाची ती छोटी जागा बाजाराच्या वरच्या अंगाला, पाटाच्या कडेला होती. नऊ टेबलं, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक खिडकी, आणि भिंतीवर फळा. दुपारी बारा ते चार फक्त जेवण. फळ्यावर ज्या पदार्थांपुढे हिरवा ठिपका, त्यात दूध, लोणी, साय यांतलंही काही नाही.

पहिल्या दिवशी तिने तिथला रस्सा चाखला. चमचा खाली ठेवला आणि जानेलकडे पाहिलं.

"यात भांडी धुवायची, का हे प्यायचं?"

"इतकं वाईट आहे?"

"पोरी, गिरणीत संपाच्या दिवसांतसुद्धा मी माणसांना असं पाणी दिलं नाही."

तो रस्सा तिच्या डोक्यात बसला. हाडं न घालता रश्शाला अंग कसं आणायचं, याच्या मागे ती तीन महिने लागली. कांदे अर्धे चिरून कोरड्या तव्यावर पार काळे होईस्तोवर भाजले. डोंगरातनं येणारी सुकी अळंबी रात्रभर भिजवली, तर कडू लागली. मग दोनच तास भिजवली. गाजराची सालं, सलगम, मूठभर भाजलेले चणे असं एकेक घालून पाहिलं, काढून पाहिलं. बसमध्येही तिच्या डोक्यात तेच चाले. एके दुपारी तिने वाटीभर रस्सा जानेलपुढे ठेवला. जानेलने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "आपा, खरं सांगा, यात काय घातलंत?"

"संशय आला ना? मग झालं."

एकदा जानेलने सोयाबीनचे सॉसेज आणले. दिसायला हुबेहूब मांसाचे. बिबिनूरने ते पाकीट दोन बोटांत धरून परत दिलं. "हे सोंग कशाला? भोपळ्याला त्याचं स्वतःचं नाव नाही का?" ती भोपळ्याचे मोमोसारखे मांती करायची, लसणीच्या पातीसारख्या जुसायचे समोसे करायची, सलगम आणि मिरच्या घालून हाताने ओढलेल्या शेवयांचा लाग्मान करायची. कुठल्याच पदार्थाला तिने मांसाचं नाव दिलं नाही. घरी मात्र ती रविवारी मांस खायची आणि ते कुणापासून लपवत नव्हती. "माझं पोट माझं," ती म्हणायची, "पण इथली चूल यांची आहे. तिचा धर्म मी पाळीन."

तो धर्म ती कसा पाळते हे एका मार्च महिन्यात सगळ्यांना दिसलं. रशियन लोकांचे उपासाचे दिवस होते. त्या दिवसांत चर्चमधून परतणाऱ्या म्हाताऱ्या रुमाल बांधून अर्शात जेवायला येत, कारण हिरव्या ठिपक्याचं त्यांना चालायचं. दुपारी एक वाजता हॉल भरलेला, आणि दुसरी स्वयंपाकीण ल्युदा हिने लोण्यात बुडालेला डाव चुकून चण्याच्या सूपच्या पातेल्यात घातला. बिबिनूरने पाहिलं. पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं.

ल्युदा रडकुंडीला आली. "आपा, चाळीस माणसांचं सूप होतं. अर्धा चमचा लोणी गेलं असेल. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं ना."

मग ती हात पुसून स्वतः बाहेर गेली आणि हॉलच्या मध्यभागी उभी राहून म्हणाली, "सूपमध्ये लोणी पडलं, म्हणून ओतून टाकलं. नवीन व्हायला अर्धा तास लागेल. तोवर पाव आणि चहा आमच्याकडून. ज्यांना घाई आहे त्यांनी माफ करा." तिघंजण उठून गेले. बाकीचे बसले. एक खूप म्हातारी बाई तिला हाताने जवळ बोलावून म्हणाली, "मी पन्नास वर्षं उपास करते आहे. असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं." त्यानंतर त्या म्हाताऱ्या उपास नसतानाही येऊ लागल्या.

पण बिबिनूरच्या स्वतःच्या माणसांना यातलं काही पटत नव्हतं. तिचा थोरला भाऊ तुर्सिनखान नारिनकोलकडे घोडे पाळायचा. एकोणसत्तर वर्षांचा, पंचक्रोशीत शब्दाला मान असलेला माणूस. त्याच्या घरी पाहुणा आला की मेंढा पडलाच पाहिजे. बहीण बिनमांसाच्या खानावळीत कामाला लागली हे कळल्यावर त्याने फोन केला.

"तू शहरात शेळ्यांना चारा घालतेस असं गावात म्हणतात."

"कोण म्हणतं, आगा?"

"गावात म्हणजे मीच म्हणतो. लोक ऐकतात."

तिने फोन ठेवला. आईवडिलांच्या मागे यानेच तिला वाढवलं होतं. त्याचा शब्द तिला कुणाच्याही शब्दापेक्षा जास्त लागायचा. पुढची दोन वर्षं दोघं बोलले नाहीत. सणाला वहिनी शारबान फोन करायची, इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे, तेवढंच.

आणि मग वसंतात, बर्फ वितळून रस्त्यावर नुसता राडा झालेला असताना, एका दुपारी बिबिनूरने खिडकीतून हॉलमध्ये पाहिलं तर दाराजवळच्या टेबलावर तुर्सिनखान बसलेला. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, हातात काठी. एका पायात बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात. तो पाय त्याने पुढे लांब करून ठेवला होता. आसपास लॅपटॉप उघडून बसलेली पोरं, आणि मध्ये हा, बाजारात आणलेल्या गरुडासारखा ताठ.

जानेल यादी घेऊन त्याच्याकडे गेली.

"ते नको. चष्मा नाही आणलेला," तो म्हणाला. "तुमच्या इथे म्हाताऱ्या माणसाला काय देतात ते आण."

आपण कोण, हे त्याने सांगितलं नाही. जानेल आत आली तर बिबिनूर भिंतीला टेकून उभी.

"आपा, काय झालं?"

"तो माझा भाऊ आहे."

"मग जा ना बाहेर."

"आधी जेवू दे त्याला."

गावाकडे तुर्सिनखानसारख्या माणसापुढे मेंढ्याचं डोकं ठेवतात. बिबिनूरने फडताळाकडे पाहिलं. डोकं नव्हतं, हाड नव्हतं, चरबी नव्हती. क्षणभर तिला आपलं सगळं स्वयंपाकघर रिकामं वाटलं. मग तिने परातीत पीठ घेतलं. तयार लाट्या होत्या, त्या घेतल्या नाहीत. नव्याने मळलं, पातळ लाटलं, पलीकडचं दिसेल इतकं पातळ. रश्शात ते पापुद्रे सोडले, वर भाजलेला भोपळा, सलगम, काळी अळंबी, आणि सगळ्यावर मिरी घातलेल्या कांद्याच्या चकत्या. थाळी नाही, लाकडाची मोठी परात काढली. बाजूला वाडग्यात नुसता रस्सा. "दोन्ही हातांनी ठेव," तिने जानेलला बजावलं.

तुर्सिनखानने परातीकडे पाहिलं. चमचा बाजूला सारला. बाही वर करून पाचही बोटांनी पहिला घास घेतला आणि थांबला. चावत चावत त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. बिबिनूर चटकन मागे सरकली. तो खाली मान घालून जेवू लागला. सावकाश, एकदाही मान वर न करता, परात पुसून काढीपर्यंत जेवला. रस्सा प्यायला. वाडगा पुढे करून आणखी मागितला. तोही प्यायला. मग जानेलला म्हणाला, "आत जी लपली आहे तिला बाहेर पाठव. पीठ कुणी लाटलंय ते मला सांगावं लागत नाही. आमच्या आईचा हात आहे तो."

बिबिनूर बाहेर आली.

"बस," तो म्हणाला.

"काम आहे, आगा."

"मग उभी राहा. पण बोल तरी."

"पायाला काय झालं?"

"घोडा पडला पायावर."

"पडायच्या आधी त्याने तुझा बूट काढून घेतला होता का?"

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हसू दाबलं. तुर्सिनखानने तिच्याकडे रागाने पाहिलं, मग काठीच्या मुठीकडे पाहत राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "अंगठा सुजतो. रात्री पांघरुणाचं ओझंसुद्धा सोसत नाही. इथल्या डॉक्टरणीने रक्त तपासलं. म्हणाली, मांस बंद, मांसाचा रस्साही बंद. सहा महिने तरी."

"वहिनीला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. एकाहत्तर वर्षं घोड्यांत काढली, आता सांगू काय, की मी भोपळा खातो? गावात जे मी तुझ्याबद्दल बोललो ते मला तोंडपाठ आहे. लोकांनाही असणार."

बिबिनूरच्या मनात दोन वर्षांचं साठलेलं होतं. रात्री झोप येत नसताना तिने कितीदा तरी त्याला द्यायची उत्तरं जुळवली होती. समोर तो सुजलेला पाय घेऊन, टोपीसुद्धा न काढता बसलेला पाहून त्यातलं एकच उरलं.

"शेळ्यांच्या रांगेत जागा आहे, आगा. खुशाल बस."

तुर्सिनखानच्या मिशा हलल्या. "चारा बरा असतो तुझा," तो म्हणाला. मग, तिच्याकडे न बघता, "चुकलो मी. जीभ सैल सुटली."

तिने त्याच्यापुढचा वाडगा उचलला, नाहीतर रडू आलं असतं.

"थांब," तो म्हणाला. "जेवलो, आणि दुवा न देता उठू?"

काठीवर भार देऊन तो उभा राहिला. एक पाय सपातेत, तरी ताठ. त्याने दोन्ही तळवे पुढे धरले. जानेलने धरले, काउंटरवरच्या पोराने धरले. लॅपटॉपवाल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेकाने कानातले इअरफोन काढून ठेवून तळवे पुढे केले. कोपऱ्यातल्या रशियन म्हातारीने हातातला चमचा खाली ठेवला. ल्युदा खिडकीत येऊन उभी राहिली.

"या घरची चूल विझू नये," तुर्सिनखान म्हणाला, गावाच्या पंगतीत म्हणायचा त्याच मोठ्या आवाजात. "इथून कुणी अर्धपोटी उठू नये. या पोरीच्या धंद्याला बरकत यावी. माझ्या बहिणीच्या हाताला शंभर वर्षं दुखणं माहीत होऊ नये. आउमिन."

"आउमिन," सगळ्यांनी म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवला. बिबिनूरने पीठ लागलेले हात फिरवले तर गालावर पांढरे पट्टे उमटले. ते दुपारभर तसेच राहिले, कुणी सांगितलं नाही.

तो अकरा दिवस तिच्या घरी राहिला आणि रोज दुपारी अर्शात जेवला. तिसऱ्या दिवसापासून खोड्या काढू लागला. आज कांदा कमी भाजलाय, आज लाग्मान ओढताना तुझं लक्ष कुठे होतं. जानेलला त्याने फळ्यावरचे ठिपके समजावून द्यायला लावले. मग नव्या गिऱ्हाइकाला तोच समजावू लागला. जाताना बिबिनूरने त्याच्याबरोबर सुकी अळंबी बांधून दिली आणि शारबान वहिनीला फोनवर तासभर रस्सा शिकवला. वहिनीने शेवटी एवढंच विचारलं, "हे तो खाईल?" "मागून खाईल," बिबिनूर म्हणाली.

शरदात त्याच्या नातवाचं लग्न निघालं. आमंत्रणाच्या फोनवर तो म्हणाला, "चार कढया मांडतोय. तीन आमच्या, चौथी तुझी. गावात माझ्यासारखे अंगठेवाले अजून आहेत, कबूल करत नाहीत एवढंच."

बिबिनूरने सात-आठ म्हाताऱ्यांच्या हिशेबाने लाटलं. पंगतीला तिच्या कढईकडे एकोणीस जण आले. पीठ कमी पडलं, वहिनीने आणि दोन सुनांनी तिथेच बसून लाटून दिलं. एका म्हाताऱ्याला तिने विचारलं, "तुम्हालाही डॉक्टरांनी सांगितलंय का?" तो म्हणाला, "मला काही झालेलं नाही. पलीकडे खाऊन आलोय. हा वास आला म्हणून आलो."

शहरातून आलेल्या व्याह्यांना तुर्सिनखान कढईपाशी घेऊन आला. "ही माझी बहीण बिबिनूर. आल्माटीत तिचं रेस्टॉरंट आहे."

"माझं नाही, जानेलचं आहे," बिबिनूर म्हणाली.

"मालकीण ती असेल. लोक हिच्या हातचं खायला येतात," तो व्याह्यांना म्हणाला. "बसा तुम्ही. आधी रस्सा घ्या."

बिबिनूरने डाव हातात घेतला आणि व्याह्यांचे वाडगे काठोकाठ भरले.