दायाँ कसा, बाया हटवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती आठवली की माझंच डोकं पुन्हा गरगरायला लागतं.

ग्वाल्हेरबाहेरच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनीयर म्हणून नुकताच लागलो होतो. माझ्या हाताखाली, म्हणजे कागदावर हाताखाली, रामसेवकजी फिटर. मूळचे भिंडचे, पण ग्वाल्हेरात महाराज बाड्याजवळ एका मराठी कुटुंबाकडे वर्षानुवर्षं भाड्यानं राहिलेले. त्यामुळे माझ्याशी हौसेनं मराठी बोलायचे.

एके दिवशी भट्टीतून बिस्किटं आणणारा पट्टा उजवीकडे सरकायला लागला. कड लोखंडी चौकटीला घासून दोरे सुटायला लागले. पट्टा फाटला तर काम आठवडाभर ठप्प, आणि भट्टी भरलेली, म्हणून थांबवताही येईना.

रोलरच्या दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट असतो. पट्टा ज्या बाजूला पळेल, त्या बाजूचा जरासा कसायचा. मी पाना घेऊन रोलरपाशी उभा, रामसेवकजी वीस पावलं पुढे पट्ट्यावर नजर ठेवून. मधे यंत्राचा खडखडाट.

ते ओरडले, "दायाँ कसो!"

हिंदीत दायाँ म्हणजे उजवा. पण हे तर माझ्याशी मराठी बोलतात ना? मला ऐकू आलं 'डावा'. पुस्तक म्हणतं उजवा, त्यांचा तीस वर्षांचा अनुभव म्हणतो डावा. मी कोण बोलणारा? डावा बोल्ट कसला.

पट्टा आणखी उजवीकडे गेला. ते पुन्हा तेच ओरडले, मी डावा पुन्हा कसला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागले, "बायाँ! बायाँ ढीला करो!"

पट्ट्याच्या टोकाला पॅकिंगच्या आठ-दहा बाया बसलेल्या. खडखडाटात मला नुसतं 'बाया' ऐकू आलं. वाटलं, पट्टा तुटतोय, बायांना हटवा म्हणताहेत. पाना टाकून धावलो आणि सगळ्यांना उठवून दाराबाहेर काढलं. बिस्किटं उचलायला कुणी उरलं नाही. ती धो धो जमिनीवर पडायला लागली.

रामसेवकजींनी येऊन पाना उचलला. डावा सैल केला, उजवा पाव फेरा कसला आणि उकिडवे बसून पाच मिनिटं नुसते बघत राहिले. पट्टा मधोमध आला.

तेवढ्यात बिस्किटं तुडवत मॅनेजर आले आणि हे काय झालं म्हणून विचारू लागले. रामसेवकजींनी मला सांभाळून घेतलं. "साब की गलती नहीं है. मराठी आदमी हैं, हिंदी थोड़ी कम समझते हैं."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. आता डावं-उजवं न कळणारा इंजिनीयर व्हायचं, की हिंदी न कळणारा? मी मान खाली घालून म्हणालो, "जी, थोड़ी कम."

तेव्हापासून मॅनेजर माझ्याशी एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत हिंदी बोलतात. घरी मी यातलं काही कळू दिलेलं नाही. बाबांनी इथल्याच, ग्वाल्हेरातल्या इंदरगंजच्या शाळेत जन्मभर हिंदीच शिकवली.