बोर्डाला धार लावायची कुणी

कॉव्हेंट्रीच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधी राहिलीच नाही. तिथे एक वर्कबेंच आहे आणि त्यावर बहुतेक वेळा एक स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून उभ्याने घसरायची फळी, पालथा पडलेला असायचा. घरात बोर्ड दोन, एक माझा आणि एक लेकीचा. बेंचवर असायचा तो लेकीचाच.

मी दातांची डॉक्टर. या खेळाशी माझा संबंध यावा असं काही नव्हतं. लेक शाळेत असताना मैत्रिणींबरोबर ड्राय स्लोपवर शिकायला जाऊ लागली. ड्राय स्लोप म्हणजे टेकडीच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकच्या ब्रशांचा गालिचा, वर पाण्याचे फवारे. इंग्लंडात खऱ्या बर्फाची वाट बघत बसलं तर जन्मात शिकणं व्हायचं नाही, म्हणून ही सोय. तिला सोडायचं आणि तिथल्या कॅफेत गार चहा घेऊन बसायचं, याचा कंटाळा आला तेव्हा एका हिवाळ्यात मीच लेसन्स लावले. चाळिशी उलटून गेली होती. आपटले, निळी-जांभळी झाले, पण आवडलं.

प्लास्टिक बोर्डाला खातं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक पट्टी असते. तिला एज म्हणतात. वळताना तीच बर्फात रुतते आणि आपल्याला धरून ठेवते. खालचा तळ म्हणजे बेस, तो मेण लावून गुळगुळीत ठेवायचा. ड्राय स्लोपवर ते मेण बघता बघता उडून जातं आणि बेस भेगाळलेल्या टाचेसारखा पांढरा पडतो. एजवर बारीक काटे उठतात. बोट फिरवलं तर रक्त.

सुरुवातीला दोन्ही बोर्ड एका दुकानात सर्व्हिसिंगला दिले. चकचकीत होऊन आले. त्याच आठवड्यात लेक एका साध्या वळणावर तोंडावर आपटली आणि मनगट मोडून घेतलं. बोर्डाचं टोक प्लास्टिकमध्ये अडकलं होतं. पुढच्या आणि मागच्या टोकाशी, जिथे बोर्ड वर वळतो, तिथे एज मुद्दाम बोथट करावी लागते. दुकानात ती टोकापासून टोकापर्यंत सुरीसारखी करून दिली होती. मी विचारायला गेले तर काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मोस्ट पीपल लाइक इट शार्प." माझ्या शेजारी माझी मुलगी हात गळ्यात बांधून उभी होती.

त्या संध्याकाळी मी हत्यारं मागवली. कानस, कानस नेमक्या कोनात धरणारा गाइड, हिऱ्याची पूड बसवलेला घासायचा दगड, मेण, ब्रश. मनात म्हटलं, रोज लोकांच्या तोंडात, जीभ वळवळत असताना, केसाएवढं काम करते मी. हा तर बिचारा एका जागी पडून राहणारा बोर्ड.

बोर्ड बिचारा नव्हता. गाइड मी उलटा लावला आणि अर्धी एज भलत्याच कोनात घासून टाकली. बेसवरचे ओरखडे भरायला प्लास्टिकची एक कांडी पेटवून तिचे थेंब पाडायचे असतात. माझी कांडी धूर ओकत राहिली आणि ओरखड्यांत काजळी भरली. मेण वितळवायला घरातली जुनी इस्त्री घेतली, ती एके ठिकाणी जरा जास्त टेकली आणि बेसला फोड आला. नवरा गॅरेजच्या दारात येऊन म्हणाला, "अगं, देवघरात वास येतोय. फायर अलार्म वाजायच्या आधी आटप."

"मग ये ना, तू कर," मी म्हटलं. तो निघून गेला.

हळूहळू जमलं. एजवर आधी मार्करने शाई लावायची, मग एकदाच कानस फिरवायची. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन बरोबर. एवढीशी युक्ती सापडेपर्यंत कितीतरी पोलाद वाया गेलं. आणि एज ही काही नखासारखी परत वाढत नाही.

मग लेक युनिव्हर्सिटीसाठी कार्डिफला गेली. तिथल्या स्नोबोर्ड क्लबात शिरली आणि माझा खरा वनवास सुरू झाला. महिन्यातून एका शनिवार-रविवारी ती ट्रेनने बोर्ड घेऊन यायची. बॅगची चेन उघडली की कुबट वास. स्लोपवर पाण्याने भिजलेला बोर्ड तिने तसाच बॅगेत कोंबलेला असायचा आणि एजवर नारिंगी गंज चढलेला असायचा.

"अगं, फक्त पुसायचा ना टॉवेलने," मी म्हणायची.

"आय नो, आई. मी विसरले."

"मागच्या वेळी पण विसरली होतीस."

"तू किती स्ट्रेस करते! तो एज थोडासाच रस्ट झालाय."

"ती एज. आणि थोडीशी नाही."

"ओके, ती एज. हॅपी?"

मी हॅपी नव्हते. ती वर जाऊन झोपायची आणि मी शनिवारभर गॅरेजमध्ये गंज घासत बसायची. काटे दगडाने काढायचे, धार लावायची, मेण वितळवायचं, गार होऊ द्यायचं, खरवडायचं, ब्रश मारायचा. रविवारी ती बोर्ड उचलून जायची आणि महिन्याभराने तोच नारिंगी बोर्ड परत यायचा. कधी कधी वाटायचं, गंजासकटच परत पाठवावा. पण तिचं ते मोडलेलं मनगट आठवायचं आणि मी कानस हातात घ्यायची.

यंदा ईस्टरच्या आधी आम्ही दोघींनी स्कॉटलंडला जायचं ठरवलं. खरा डोंगर, खरा बर्फ. तिथला बर्फ दगडासारखा कडक असतो, धार नसेल तर सरळ खाली घसरत जायचं, असं सगळे सांगत होते. म्हणून मी जीव ओतून दोन्ही बोर्ड केले. अंगठ्याचं नख एजवर हलकेच ओढलं की नखाचा कीस निघावा, इतकी धार. फक्त टोकं बोथट. बेसमध्ये गॅरेजची ट्यूबलाइट दिसत होती.

दिवसभर गाडी चालवून पोचलो. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद. कार पार्कमध्ये गाडीत बसून सँडविच खाल्ले आणि गाडी हलत राहिली. दुसऱ्या दिवशी वारा पडला. वर गेलो. बर्फ काचेसारखा. आजूबाजूची माणसं कडेकडेने घसरत होती. माझ्या बोर्डाने पहिल्याच वळणाला पकड घेतली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. लेक माझ्यापुढे होती. एकामागून एक अशी सुंदर वळणं घेत होती की बघतच राहावं.

आणि मग खर्रकन आवाज आला. दातावर ड्रिल घसरावं तसा.

बर्फाचा थर पातळ होता. खालून एक खडक वर डोकावत होता, त्यावरून ती गेली. तिला काही झालं नाही. बोर्ड उलटा केला तर बेस हातभर फाटलेला, आतलं लाकूड दिसतंय, आणि त्या जागी एज आत वाकलेली. तासभरसुद्धा झाला नव्हता.

मी बर्फात फतकल मारून बसले आणि रडले. रागाने. ग्लव्हने नाक पुसत होते आणि शेजारून लोक सरकत जात होते.

"आई, मी काही मुद्दाम नाही केलं," ती घाबरून म्हणाली.

"माहितीये गं मला! म्हणून तर जास्त राग येतोय. कुणावर काढू?"

ती माझ्या शेजारी बर्फात बसली. मग म्हणाली, "तू एवढं करते ते मला माहीत नव्हता. मला वाटायचं, तुला आवडतं ते."

"गंज घासायला कुणाला आवडतं?"

"मग सांगायचं ना."

"दर महिन्याला सांगत होते!"

"तू ओरडत होतीस. सांगत नव्हतीस."

लिफ्टवाले खाली न्यायला तयार नव्हते, म्हणून फाटलेला बोर्ड काखेत घेऊन आम्ही दोघी चालत उतरलो. बूट सारखे घसरत होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "शिकव मला." फाटलेला भाग कापून तिथे नवा तुकडा एपॉक्सीने चिकटवायचा होता. मी दाखवायला लागले की ती म्हणायची, "मी करते ना." ती करायला लागली की मला बघवत नव्हतं. "तिरका कापतेस." "आई, लूक अवे!" शेवटी मी खरंच बाहेर जाऊन भांडी घासली. तिने लावलेला पहिला तुकडा दुसऱ्या दिवशी सुटला. दुसरा तिनेच लावला, क्लॅम्प घट्ट आवळून, आणि तो बसला. वाकलेली एज मी हातोडीने जवळपास सरळ केली.

ती कार्डिफला गेली. निघताना दारासमोर गाडीत बसता बसता तिने विचारलं, "टॉवेल कुठला वापरू?" मी जुना बाथ टॉवेल दिला. तिने बसवलेला तो तुकडा बेसच्या किंचित वर राहिलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागतो. बोर्ड वळताना तिथे ओढतो, असं ती फोनवर सांगते. मी म्हणते, घेऊन ये, घासून देते. ती म्हणते, नको, मी करेन. अजून काही केलेलं नाही.